राहून गेलेला एक शतांश

आधीच माफी मागतो. मी मायक्रोमीटर बोलतोय, आणि माझे बोलणे लिहून घेणारा विदार शाळा लवकर सोडून कामाला लागलेला आहे. शुद्धलेखन चुकेल, शब्द साधेच येतील. सांभाळून घ्या.

माझा जन्म स्वीडनमधल्या एस्किलस्टुनाचा. पोलादी कमान आणि दोन गुळगुळीत तोंडे. त्यांच्यात वस्तू धरायची, फिरकी फिरवायची, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत माप वाचायचे. हॉल्गेरने मला पहिल्या पगारातून घेतले. बेअरिंगच्या कारखान्यात आम्ही चाळीस वर्षे पोलादी छर्रे मोजले. हॉल्गेरने सांगितलेले माप कोणी पुन्हा तपासत नसे. सांगणारा खरा मीच, असे मला वाटे.

निवृत्तीच्या दिवशी केक खाता खाता त्याने मला कारखान्यात नव्याने लागलेल्या विदारच्या हातात दिले. विदारला जुन्या मोजमापाच्या हत्यारांचा नाद. घरी काचेच्या कपाटात नऊ ठेवलेली.

"कपाटात डांबू नकोस हं याला," हॉल्गेर म्हणाला. "वापर."

विदारने वापरले. त्याची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती, पाच संपले होते. एका मोठ्या बेअरिंगचे अर्धे छर्रे त्याने माझ्यावर मोजले, अर्धे मुकादम गुनवोरने तिच्या मायक्रोमीटरवर. चाचणीला ते बेअरिंग किंचाळले, धूर निघाला आणि फुटले. मी टेबलावर थरथरलो.

"तुझे छर्रे एक शतांशाने मोठे आहेत," गुनवोर म्हणाली. "झोपेत मोजलेस का रे?"

विदार पांढराफटक पडला. त्याने मला तपासणीच्या सपाट ठोकळ्यावर लावले. माप अचूक आले. म्हणजे चूक त्याच्या हाताची. मीच तशी साक्ष दिली होती.

"शुक्रवारपर्यंत सांगते तुझं काय करायचं ते," ती म्हणाली.

शुक्रवारी हॉल्गेर निवृत्तीनंतरही नेहमीसारखा कारखान्यात कॉफीला आला. सगळे ऐकून म्हणाला, "अरे, पण तू एक मिळवलास ना?"

"कुठला एक?" विदारने विचारले.

"छर्रा मोजला की एक शतांश मिळवायचा. मधे खड्डा पडलाय त्याला."

गुनवोरने एकच छर्रा माझ्या तोंडांच्या कडेला धरला: बरोबर दहा मिलिमीटर. मध्यभागी धरला: एक शतांश कमी. सपाट ठोकळा खड्ड्यावरून आडवा बसे, म्हणून तपासणीत मी निर्दोष. चाळीस वर्षे छर्रे एकाच जागी दाबून मी आतून झिजलो होतो. मला पत्ताच नव्हता! मी खोटे बोलत होतो आणि हॉल्गेर मनातल्या मनात ते दुरुस्त करत होता.

"हॉल्गेर, सांगायचं नाही होय?" गुनवोर ओरडली. "पोराची नोकरी घालवत होते मी!"

"मला वाटलं, सांगितलंय," तो पुटपुटला. कप तसाच ठेवून, टोपी विसरून तो निघून गेला.

विदारची नोकरी राहिली. लोकहो, आम्हा हत्यारांवर माया करा, पण आमच्या शब्दावर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी विदार मला खिशात घालून हॉल्गेरच्या दारात उभा राहिला. बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय तुमचं?" त्याने विचारले, आणि वही उघडली.