गडद कवचाची अंडी

वहिनीच्या कोंबड्या भाजलेल्या कॉफीच्या रंगाची अंडी द्यायच्या. दरवर्षी सगळ्यांत गडद अंडी तेवढी उबवून तिने हा रंग टिकवला होता. रंग निम्मा कोंबड्याकडून येतो. कोंबडा अंडी देत नाही, म्हणून त्याची किंमत कुणाला कळत नाही. भटक्या कुत्र्यांनी तिचा एकुलता एक कोंबडा फाडला, तेव्हा नवरा म्हणाला, "दुसरा आणू." तसा दुसरा कुठेच नव्हता. त्याच्यापासून फळलेली शेवटची अंडी उबवणीच्या मशीनमध्ये होती. त्यांतून एक तरी नर निघायला हवा होता.

नेमकी तिची बहीण बाळंतपणात अडली. मशीन धाकट्या दिरावर सोपवून वहिनी निघाली.

"भावजी, वीज गेली तर जनरेटर लावा. बाकी कशाला हात लावू नका."

"अहो, माझं आयुष्य पिल्लं काढण्यात गेलं. निवांत जा."

त्याचं खोटं नव्हतं. पांढऱ्या अंड्यांची पिल्लं त्याच्याइतकी कुणाची निघत नसत.

ती परतली तेव्हा पिल्लं निघायची वेळ उलटून गेली होती. मशीनमध्ये चिवचिव नव्हती. काच आतून घामेजलेली होती.

"पाणी कुणी घातलं?"

"मीच. पाण्याचा ट्रे ठणठणीत कोरडा! म्हटलं, घाईत विसरल्या असाल. रोज न चुकता भरला."

"या गडद कवचातून आतली ओल सहज बाहेर पडत नाही, भावजी. म्हणून कोरडं ठेवलं होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"हात लावू नका म्हटलं होतं."

"मी अंड्याला टॉर्च लावून आत बघत होतो की! काही दिसेल तर शपथ. काळंकुट्ट नुसतं."

तिने एकेक अंडं फोडलं. पिल्लं पुरी भरलेली होती. चोच, पिसं, नखं, सगळं जागच्या जागी. आतल्या पाण्यात बुडाली होती. एकाने कवचाला तडा दिला होता, तेवढ्यावरच संपलं. ते नर होतं की मादी, हे तिने पाहिलं नाही.

 दीर मागच्या खोलीतून स्वतःच्या पांढऱ्या अंड्यांचा ट्रे घेऊन आला.

"वहिनी, रागावू नका. पण मशीन रिकामं कशाला चालवायचं?"

"घाला," ती म्हणाली. "गरमच आहे."