खोकड आणि हलव्याची माळ

सुज्ञ आणि रसिक वाचकहो, प्रथम आपणांस नम्र निवेदन. पुढील कथानकात रणांगण नाही, राजप्रासाद नाही, खड्गांचा खणखणाट नाही. त्यात एक तरुण आहे, त्याचे एक लाडके नाव आहे, आणि त्या नावावर पडलेली दुसऱ्याची सावली आहे. मत्सर हा साखरेलाही काटे कसे फोडतो, ते मी माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे यथाशक्ती वर्णन करणार आहे. आपण शांतचित्ताने ऐकावे.

पौषातील प्रभात होती. वाई नगरीवर धुक्याचे धवल दुकूल पसरले होते, आणि त्या दुकुलाखाली कृष्णामाई निःशब्द वाहत होती. पांडवगडाच्या मस्तकावर अरुणाने केशराचे बोट टेकविले. ते केशर ओघळले. उसाच्या तुऱ्यांवर आले, घाटाच्या पायऱ्यांवर आले, आणि अखेर गाढवे गादी कारखान्याच्या गंजक्या पत्र्यावर येऊन सुवर्ण झाले.

त्या पत्र्याखाली निनाद गाढवे पिंजलेल्या कापसात बसला होता. केसांत कापूस, भुवईवर कापूस, मिशीवर कापूस. जणू हिमालयातील कोणी तुषारमंडित तपस्वी. परंतु या तपस्व्याचे ध्यान ब्रह्माकडे नव्हते. ते कोल्ह्याकडे होते.

जगात असे काही रसिक असतात, की ज्यांच्या अंतःकरणात माणसासारखे दोन पायांवर चालणारे, बोलणारे, हसणारे प्राणी वास करतात. ते त्या प्राण्यांची चित्रे काढतात, त्यांचे केसाळ पोशाख शिवतात, आणि ते अंगी लेवून घटकाभर आपले संसारी नाव विसरतात. अशा रसिकांना हल्ली फरी म्हणतात. निनाद फरी होता.

त्याचा कोल्हा त्याने स्वहस्ते घडविला होता. गादीच्या फोमचे मस्तक, तांबड्या ब्लँकेटची कांती, शेपटीचे टोक उशीच्या कापसासारखे शुभ्र, आणि पायांत काळे मोजे. ओठांवर स्मित शिवलेले होते. आत कोणीही रडो, कोणीही जळो, ते स्मित अढळ होते.

घरी या कलेचा गौरव निराळ्या शब्दांत होई.

"आडनाव गाढवे आन् पोरगं कोल्हा," त्याची आई म्हणे. "आता सून बघायची तर रानात जाऊ का काय मी?"

आणि असे म्हणता म्हणता ती त्याच्या ताटलीत पेढा ठेवी. "कोल्हा काकडीला राजी म्हणत्यात. आमचा मेला पेढ्याबिगर राजी होत न्हाई."

दुपारी गिऱ्हाईक नसले की निनाद गाद्यांच्या चळतीवर उताणा पडे, आणि त्याचे मन मिष्टान्नांच्या अरण्यात विहार करी. कंदी पेढा म्हणजे अस्वल: ठेंगणे, तपकिरी, उबदार. बालूशाही म्हणजे स्वतःभोवती वेटोळे करून निजलेली मांजर. म्हैसूरपाक हा हत्ती. भिंतीसारखा उभा, आणि तोंडात जाताच विरणारा. मग कोल्हा कोणता? यावर त्याने अनेक दुपारी खर्चिल्या, आणि अखेर त्यास बोध झाला. कोल्हा म्हणजे गूळपोळी. वरून साधी, आत लबाड, आणि बेसावध जिभेस चटका देणारी. त्या दिवसापासून गूळपोळी खाताना त्यास आपण आपल्या सख्ख्या भावंडास खातो आहोत असे वाटे, तरी तो तीन खाई.

असा तो निर्मळ, निरुपद्रवी, मधुरभक्षी जीव. त्याच्या जीवनात एकच सोनेरी धागा होता, आणि त्याचे नाव शर्वरी.

शर्वरी खामकर ही घुबड होती. पिसांचा करडा झगा, कपाळावर दोन वर्तुळाकार डोळे, आणि हसली की झग्यातली सगळी पिसे हलत. वाईतल्या चारदोन फरी मंडळींना तिनेच एकत्र केले, आणि त्यास लोमश मंडळ, म्हणजे केसाळांचे मंडळ, हे नामाभिधान दिले. आणि पहिल्याच दिवशी, निनादचे ते फोमचे मस्तक पाहून, तिनेच त्याला हाक मारली होती: कोल्होबा.

कोल्होबा. त्या हाकेत पाचूचे रान होते, चांदण्याचा माळ होता. गाढवे हे नाव शाळेत हसण्यासाठी होते, दुकानात पाटीसाठी होते. कोल्होबा हे नाव फक्त तिच्या मुखासाठी होते. उशी शिवताना निनाद ते मनात म्हणे, आणि सुईचा टाका सरळ पडे.

मग मार्गशीर्षात देवांग टिपणीस आला.

देवांग बडोद्याचा. स्ट्रॉबेरीचा जॅम करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीनिमित्त वाईस आलेला, उंच, मृदुभाषी, सदैव प्रसन्न. त्याचा पोशाख परदेशातून खोक्यात बसून आला होता. त्याचे केस वाऱ्यावर पिकल्या गव्हासारखे लवत. तो बोलला की त्या मस्तकाचा जबडा हले, आणि हसला की कान मागे जात. आणि अरेरे, वाचकहो, तोही तांबडा होता, त्याचीही शेपटी शुभ्राग्र होती, त्याचेही पाय काळे होते.

"अय्या," शर्वरी म्हणाली, "हे बघा आणखी एक कोल्होबा."

आणखी एक. त्या दोन शब्दांनी निनादच्या हृदयसरोवरात पाषाण पडला. वर्तुळे उठली, वर्तुळे पसरली, आणि ती काठाला लागून पुनः पुनः परतली. तिने देवांगच्या शेपटीवरून हात फिरविला, तर निनादच्या पाठीवर शहारा आला. तिने देवांगला पेढा दिला, तर निनादच्या तोंडात कडू आले. त्याने रात्री आपल्या ब्लँकेटच्या कांतीवर कंगवा फिरविला. गाठी निघाल्या. गव्हाची शेते निघाली नाहीत.

संक्रांत जवळ आली. शर्वरीची मावशी हलव्याचे दागिने करी. नववधूंसाठी, तान्ह्या बाळांसाठी. परातीत खसखस, मंद निखारा, पाकाची थेंबथेंब संततधार, आणि तासन्‌तास फिरणारा हात. तेव्हा कुठे त्या शुभ्र कणास इवले इवले काटे फुटतात. यंदा त्या परातीशी शर्वरी स्वतः बसली. तिने मंडळास कळविले, की संक्रांतीला घाटावर या, कोल्होबाच्या गळ्यात मी हलव्याची माळ घालणार आहे.

कोणत्या कोल्होबाच्या? हे तिने कळविले नाही. आणि निनादची निद्रा त्या एका प्रश्नाच्या दारात उभी राहिली.

येथे एक गुपित सांगणे प्राप्त आहे. बालपणी शाळेच्या सहलीत निनादने एका प्राणिसंग्रहालयात दोन पिंजरे पाहिले होते. एकात राखट-पिवळा, हाडाळ प्राणी; पाटीवर लिहिलेले, कोल्हा. शेजारच्यात नाजूक तोंडाचा, झुपकेदार शेपटीचा प्राणी. पाटीवर लिहिलेले, खोकड. तेव्हाच त्यास उमगले होते, की चित्रांतला तो लाल, देखणा, लबाड प्राणी मराठीत कोल्हा नव्हेच. तो खोकड. परंतु खोकड कोण होईल? दारातल्या बाजेवर खोकत पडलेल्या म्हाताऱ्याला आपल्याकडे लोक खोकड म्हणतात. म्हणून त्याने ती पाटी मनात पुरली, आणि तिच्यावर कोल्ह्याचे सिंहासन मांडले.

संक्रांतीचा दिवस उजाडला. गणपती घाटावर ऊन मधासारखे घट्ट होते. स्त्रियांच्या काळ्या चंद्रकळा पायऱ्यांवरून वर-खाली जात होत्या, आणि त्यांच्यामध्ये दोन तांबडे, शुभ्राग्र, काळपाय प्राणी समोरासमोर उभे होते. मध्ये पिसांच्या झग्यात शर्वरी. तिच्या हातांत ती माळ; चंद्राचा चुरा ओवल्यासारखी.

देवांगने आपल्या केसाळ पंजातून लाडू पुढे केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

निनादने तो घेतला. तो मुठीतच धरून ठेविला.

"थांबा," शर्वरी म्हणाली, "माळ एक आणि कोल्होबा दोन. आता मी काय करू? छापा-काटा करू का?"

फोमच्या मस्तकाच्या आत अंधार होता. त्या अंधारात निनादला आपलाच श्वास गरम लागला. छापा-काटा. त्याचे नाव, त्याचे चांदण्याचे नाव, नाण्यावर.

"कशाला?" तो आतून म्हणाला. "हा कोल्हा नाहीच."

"म्हणजे?" देवांगने विचारले.

"तुझं लाल अंग, काळे पाय, ही झुपकेदार शेपूट. याला मराठीत खोकड म्हणतात. कोल्हा वेगळा. तू खोकड आहेस."

हातात तीळ, हातात गूळ, आणि मुखी असा शब्द. शिवलेले स्मित मात्र तसेच, अढळ, प्रेमळ.

मग त्या हलत्या जबड्यातून देवांगचा आवाज आला. त्यात आनंद होता, निखळ, शाळकरी आनंद.

"खोकड," तो म्हणाला. "काय छान शब्द आहे. बडोद्यात कोणी सांगितलाच नाही आम्हाला. खो-कड. दाराची कडी काढल्यासारखा वाजतो."

शर्वरीने निनादकडे पाहिले. नखशिखान्त पाहिले. मग तिची दृष्टी त्याच्या पायांवर स्थिरावली.

"आणि मग तू कोण रे? काळे मोजे तर तुझ्याही पायात आहेत."

निनादने खाली आपल्या पायांकडे पाहिले. दुसऱ्यावर फेकलेल्या धोंड्याने त्याच्याच सिंहासनाचा पाया निखळला होता. तो उभा होता, तांबडा, शुभ्राग्र, काळपाय, आणि नामहीन.

"नाही, नाही," देवांग घाईने म्हणाला. "निनाद आधीपासून कोल्होबा आहे. मला खोकडच आवडलं. माळ त्याला घाल."

दान किती सहज दिले गेले. जणू त्याच्याकडे नावांची कोठारे भरली होती.

शर्वरीने माळ निनादच्या गळ्यात घातली. "घ्या कोल्होबा," ती म्हणाली. तीच हाक, तोच स्वर, तीच पिसांची हालचाल. ज्यासाठी निद्रा दारात उभी राहिली, ते सर्व त्यास मिळाले होते.

आणि मग ती वळली.

"चला खोकडराव, तुमचा फोटो काढू. ए खोकडा, शेपूट उचल की, पाण्यात जाईल."

खोकडा. तिच्या मुखी तो शब्द निराळाच झाला. त्यातली बाज गेली, खोकला गेला, म्हातारपण गेले. त्यात कोवळ्या उन्हाची ऊब आली, नव्या कोऱ्या पाटीचा वास आला. खोकडा, इकडे बघ. खोकडा, कान हलव. एकेका हाकेसरशी ते नाव उजळत गेले, आणि कोल्होबा हे नाव जुन्या उशीच्या अभ्र्यासारखे विटत गेले. तो शब्द निनादचा होता. त्यानेच तो इतकी वर्षे पुरून ठेविला होता. त्यानेच आज स्वहस्ते उकरून तो शत्रूस दिला होता.

ते दोघे पायऱ्या उतरत गेले. घुबड आणि खोकड, करडे आणि तांबडे. त्यांच्या मागे, चार पायऱ्या वर, कोल्होबा उभा राहिला. ऊन चढले. मस्तकाखालून घामाची धार मानेवर उतरली, आणि हलवा भिजू लागला; कण पाझरला, पाक झाला, तांबड्या लोकरीत चिकटला. वितळता वितळता त्याचे काटे एकेक करून मऊ झाले, आणि तरीही, वाचकहो, ते रुतत होते. गोड, शुभ्र, रुतत होते.

येथे हे कथानक संपूर्ण झाले. आपण आपला अमूल्य वेळ देऊन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे. शब्दांत उणेअधिक झाले असल्यास उदार मनाने पदरात घ्यावे.

आपला नम्र,
श्रीपती बाळू फरांदे
मुक्काम ओझर्डे, तालुका वाई