ढगाचं कापड

दारातून आधी दिवा आत आला, मग तो छातीशी कवटाळून धरलेला माणूस. दिवा चांगला परातीएवढा होता, आणि माणसाच्या चेहऱ्यावर नव्या बापाचं हसू होतं.

"जागा कर, जागा कर," वायरमन बायकोला म्हणाला.

जागा करायची कुठे, हाच प्रश्न होता. घराची पुढची खोली म्हणजे शेडवालीचं दुकान. टेबललॅम्पच्या, झुंबरांच्या, भिंतीवरच्या दिव्यांच्या शेड ती इथेच बनवायची. छताच्या आकड्यांना तारेचे सांगाडे रिकाम्या पिंजऱ्यांसारखे लटकलेले, टेबलावर खळीचं भांडं, कापडाचे तुकडे, कात्री आणि ढीगभर चिमटे. तिने मांडीवरचा सांगाडा बाजूला ठेवला आणि चष्म्यावरून दिव्याकडे पाहिलं.

"हा कुठून उचललात?"

"उचललात काय? रीतसर मागून आणलाय. खेळाच्या मैदानावरचे दिवे बदलले, त्यातला एक. हा एकटा अर्धं मैदान उजळायचा."

"आणि आपल्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात किती मैदानं मावतात?"

"तुला नाही कळायचं."

"वीस वर्षं दिव्यांना कपडे शिवतेय. मला कसं कळणार," शेडवाली म्हणाली. पण तिने खळीचं भांडं सरकवून जागा करून दिली. दिवा कशासाठी आणलाय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तो आणला होता मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे वायरमनचे वडील, तिचे सासरे. रविवारच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. वर्षातून एकदा मुलं डोंगरावरचं नाटक करत, तेही मास्तरांनीच बसवलेलं. येशू तीन शिष्यांना घेऊन डोंगरावर जातो. तिथे त्याचा चेहरा सूर्यासारखा प्रकाशतो. शिष्य पाहतच राहतात, आणि तेवढ्यात एक ढग येऊन सगळ्यांना झाकून टाकतो. ढगातून देवबापाचा आवाज येतो, की हा माझा लाडका लेक, याचं ऐका. तो आवाज मास्तरांचा. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून ते तेवढं एकच वाक्य म्हणत, आणि मागच्या रांगेतल्या कुजबुजणाऱ्या बायकासुद्धा गप्प होत.

या नाटकाची एक रीत होती. ढग आला की दिवा बंद करायचा आणि अंधारात आवाज येऊ द्यायचा. रीत पडली ती अशी, की पहिल्याच वर्षी ढग खाली यायला आणि बल्ब उडायला एकच गाठ पडली. लोकांना वाटलं, तसंच ठरलेलं असणार. केवढं छान केलंत म्हणून त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. मास्तरांनाही खरं सांगवेना. तेव्हापासून दरवर्षी ढग आला की अंधार.

मास्तरांचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्यावर आता दुधासारखा पडदा आलेला. डॉक्टर म्हणाले होते, हा डोळा फार नाजूक आहे, हात लावला तर आहे तेही जाईल. गेल्या वर्षी नाटक संपवून घरी येताना मास्तरांनी हळूच विचारलं होतं, "येशू कोण झाला होता रे?" पाठमोऱ्या पोरालाही त्याच्या कानांवरून ओळखणारा हा माणूस. वायरमन त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी बाबांना दिसलंच पाहिजे. त्याच्या पुढच्या वर्षाचा काय भरवसा."

तर असा हा दिवा आला होता.

रंगीत तालमीच्या दिवशी वायरमनने तो डोंगराच्या वर, येशूच्या डोक्याच्या जरासा पुढे, छतावरून टांगला. डोंगर म्हणजे एकावर एक रचलेले बाक आणि त्यांवर राखाडी घोंगडी. येशू झाला होता बेकरीवाल्याचा मुलगा. उंच, शांत, कान बाहेर आलेले. नाटक आता बसवायच्या गायनबाई, म्हणजे मुलांना गाणी शिकवणाऱ्या तरुण बाई. त्यांनी खूण केली, वायरमनने बटण दाबलं.

पुढे काय झालं ते कोणालाच नीट सांगता येईना, कारण कोणाला काही दिसलंच नाही. शिष्यांपैकी पेत्र झालेला मुलगा डोळ्यांवर हात घेऊन मागे सरकला आणि डोंगरावरून थेट बाजाच्या पेटीवर पडला. पेटी भॉं करून ओरडली. गायनबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "छान आहे, पण जरा..." आणि पुढचे शब्द विसरल्या.

वायरमनचं लक्ष फक्त पहिल्या रांगेकडे होतं. "बाबा, दिसलं का?"

मास्तरांच्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. ते म्हणाले, "लख्ख. अगदी लख्ख."

"बघा, रडतायत," वायरमन सगळ्यांना म्हणाला.

घरी आल्यावर त्यांची नऊ वर्षांची मुलगी आईच्या टेबलाखाली शिरली. तिला सगळे भुंगा म्हणत, कारण ती दिवसभर काही ना काही गुणगुणायची. नाटकात तिला ढगाचं काम दिलं होतं. बाजूला उभं राहून दोरी सोडायची, की वरून ढग खाली. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. पण आज तिचं दुसरंच चाललं होतं.

"आई, आजोबा खोटं बोलले."

"असं म्हणू नये."

"अगं पण बोलले. येशू इकडे होता आणि ते खिडकीकडे बघून लख्ख म्हणत होते."

शेडवालीने सुई कापडात टोचून ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मास्तर खुर्चीत बसून चहाची वाट पाहत होते. तिने कप त्यांच्या हातात दिला, बोटं त्याच्या कानात नीट बसली याची खात्री केली, आणि विचारलं, "मामंजी, काय दिसलं खरं?"

मास्तर जरा वेळ चहावर फुंकर घालत राहिले. "दूध उतू गेल्यासारखं. सगळं पांढरं. डोळ्यात सुया." मग घाईने म्हणाले, "सूनबाई, त्याला सांगू नकोस. पोराने एवढा जीव ओतलाय. माझं काय, मला ऐकू तर येतं."

"नाही सांगत."

"शब्द दे."

"दिला," ती म्हणाली, आणि लगेच तिला तो जड वाटायला लागला.

भुंगा पाठोपाठ आलीच होती. "आजोबा, ढगाला तोंडच नसतं. कोणाला दिसणार मी?"

"मोशेची गोष्ट सांगितली होती ना तुला? त्याने देवाला म्हटलं, तुझं तेज मला दाखव. देवाने त्याला खडकाच्या कपारीत उभं केलं आणि समोरून जाताना त्याच्यावर आपला हात धरला."

"दाखवायचंच होतं तर हात कशाला धरला?"

"चाळीस वर्षं पोरं हेच विचारतात. मी सांगतो, तेवढं तेज सोसून मोशे जगावा म्हणून."

"पटतं त्यांना?"

"अर्धंच पटतं," मास्तर म्हणाले. "मलाही अर्धंच पटतं. पण दुसरं उत्तर नाही बाई माझ्याकडे."

शेडवाली टेबलाकडे परत आली. समोर ढग पडला होता. जाड पांढरी चादर, तारेच्या मोठ्या कड्याला अर्धवट शिवलेली. तिने चादरीकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या पिंजऱ्यांकडे, आणि टाके उसवायला घेतले.

प्रत्येक शेड झाली की तिची एक परीक्षा असे. आत दिवा लावायचा आणि शेजारी आपला तळहात धरायचा. डोळ्याला न टोचता हाताच्या रेषा वाचता आल्या, तर शेड पास. गिऱ्हाइकांना ती सांगायची, उघडा बल्ब फक्त बल्बच दाखवतो. घरातली माणसं बघायची असतील तर त्याला कपडे घाला. आज तिने घरातलं सगळ्यात तलम, दुधी रंगाचं सुती कापड काढलं. कडं आणखी मोठं केलं, दिव्यापासून चारी बाजूंनी हातभर लांब राहील एवढं, म्हणजे कापड तापायला नको. आणि जेवायला वाढताना सहज म्हणाली, "अहो, ढग आल्यावर दिवा थोडा वेळ राहू द्याल का?"

"ढग म्हणजे अंधार. पहिल्यापासून तसंच आहे."

"घटकाभर."

"तू शेड बघ, मी बटण बघतो."

शब्द दिलेला. तिने पुढचं वाढायला घेतलं. ढग उतरल्यावर त्याचा हात बटणावर पडेपर्यंत जे दोन श्वास मिळतील, तेवढ्यात मामंजींना एखादा चेहरा दिसला तर दिसला. त्याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

नाटकाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. लोक तालमीची हकीकत ऐकून आले होते. बेकरीवाला तर काळा चष्मा लावूनच आला. शेडवाली बाजूला, बटणांच्या बोर्डापाशी नवऱ्याजवळ उभी राहिली. पलीकडे भुंगा, दोन्ही हातांत दोरी, ओठ घट्ट मिटलेले.

शिष्य डोंगर चढले. पेत्र यावेळी पेटीपासून लांब उभा राहिला. गाणं संपलं आणि वायरमनने बटण दाबलं.

सगळ्यांचे हात एकदम कपाळावर गेले. सभागृहभर पांढरा कल्लोळ, आणि त्याच्या आत कुठेतरी बेकरीवाल्याचा मुलगा असावा. शिष्यांची वाक्यं अजून निम्मीही झाली नव्हती. शेडवालीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मास्तर मान ताठ ठेवून, हसरा चेहरा करून बसले होते, आणि रुमालाने पुन्हा पुन्हा डोळा पुसत होते.

ते भुंग्यालाही दिसलं. तिने वाक्य संपायची वाट पाहिली नाही. दोरी सोडली.

ढग डुलत डुलत खाली आला आणि दिव्याभोवती उतरला.

"अगं ए, आत्ता नाही," वायरमन पुटपुटला. पण ढग आला होता, आणि ढग आला की काय करायचं ते त्याच्या हाताला पाठ होतं. हात बटणाकडे गेला. शेडवालीने मनगट धरलं.

"सोड."

"नाही."

"अगं, ढग आलाय. अंधार व्हायला हवा."

"तेजस्वी ढग होता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मत्तयाचं शुभवर्तमान, सतरावा अध्याय. मास्तरांचे चिरंजीव ना तुम्ही? नीट वाचत जा."

वायरमनची नजर बटणावरून सभागृहाकडे वळली. कारण लोकांचे हात एकेक करून खाली येत होते. कापडातून गाळून आलेला उजेड सगळीकडे साईसारखा पसरला होता. घोंगडीच्या सुरकुत्या दिसत होत्या. पेत्राचा पडलेला दात दिसत होता. आणि डोंगराच्या माथ्यावर, ढगाच्या खाली, त्या शांत मुलाचा चेहरा असा उजळला होता की त्याच्या बापाने काळा चष्मा काढून खिशात घातला.

आता आवाज यायला हवा होता. आवाज आला नाही.

मास्तर खुर्चीतून उठले होते. पुढे झुकून, तोंड जरासं उघडं ठेवून ते पाहत होते. गायनबाईंनी खालून वाक्य सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच त्यांना गप्प केलं.

"बेकरीवाल्याचा धाकटा," ते म्हणाले. एवढं मोठ्याने, की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "कान बापावर गेलेत याचे."

सभागृहात हशा पिकला. येशूही हसला, आणि हसल्यावर तर आणखीच छान दिसला. मास्तरांची नजर डोंगरावरून सावकाश खाली उतरली. तीन शिष्य, दोरीपाशी उभी असलेली भुंगा, आणि शेवटी भिंतीपाशी सून, आणि तिच्या मुठीत ज्याचं मनगट होतं तो त्यांचा मुलगा. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

मग त्यांना आपलं वाक्य आठवलं.

"हा माझा लाडका लेक," मास्तर म्हणाले. इथे त्यांचा आवाज दरवर्षी चढायचा, यावेळी उतरला. ते परत डोंगराकडे वळले आणि वाक्य पुरं केलं, "याचं ऐका."

बाजूला वायरमन बाहीने नाक पुसत होता.

"तालमीला त्यांना काहीच दिसलं नव्हतं. हो ना?" त्याने विचारलं.

"मी शब्द दिलाय," शेडवाली म्हणाली.

"म्हणजे नव्हतं." त्याने वर ढगाकडे पाहिलं. "दिवा मात्र चांगला आहे."

"दिवा उत्तमच आहे. एवढ्या मोठ्या ढगातून दुसऱ्या कुठल्या दिव्याची आरपार यायची हिंमत झाली नसती."

हे ऐकून तो खूश झाला, आणि मग आपण चिडायचं विसरलो हे त्याच्या लक्षात आलं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

नाटक संपल्यावर मास्तर कोणालाही न विचारता डोंगरापाशी गेले, ढगाखाली उभे राहिले आणि आपला तळहात पसरून पाहू लागले. भुंगा धावत आली.

"आजोबा, मी लवकर सोडला. बाई रागावल्या."

"रागावू देत. मला उत्तर सापडलं," मास्तर म्हणाले. "देवाने मोशेवर हात का धरला ते."

"का?"

"दिसावं म्हणून."

भुंग्याने वर ढगाकडे पाहिलं, मग आजोबांच्या हाताकडे. नाक मुरडून थोडा विचार केला.

"हे पटतं," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी मला पेत्र करा. मी पडणार नाही."

"पुढच्या वर्षीसुद्धा तूच ढग," मास्तर म्हणाले. "पेत्र काय, कोणीही होतं." आणि तिच्या खांद्याला धरून ते निघाले. दारापाशी जाईपर्यंत ती हे खरं मानावं की नाही याचा विचार करत गुणगुणत होती.