सहा फुटांचा उतार

मित्रांनो, मी एक उतार आहे. कचेरीत मला रॅम्प म्हणतात. हदगावहून माहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका सरकारी कचेरीच्या दारात माझा जन्म झाला. तपासणीचं पथक येणार होतं, म्हणून मला दोन दिवसांत उभं केलं. ओटा दोन फूट उंच आणि मी जेमतेम सहा फूट लांब. माझ्यावरून चाकाची खुर्ची चढते का, हे कुणीच पाहिलं नाही. बाजूला चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र रंगवलं, फोटो निघाले, वाहवा झाली. पथक गेलं आणि माझ्या तोंडाशी मोटारसायकली लागू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात उज्वलाताई आल्या. त्या शिवणकाम करतात. लहानपणापासून पाय अधू. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरायचा होता आणि तीन वाजता मुदत संपत होती. त्यांचा भाऊ भागवत याने गाड्या सरकवल्या. ताईंनी चाकं रेटली. अर्ध्यावर खुर्ची मागे कलंडली. भागवतने सावरली म्हणून डोकं वाचलं, पण ताईंचं कोपर माझ्यावर सोलून निघालं. ओट्यावरची माणसं उलट त्यांनाच बोलली, की आधी सांगायचं होतं, चौघांनी उचलून नेलं असतं.

"मी काय सोयाबीनचं पोतं हाय का?" ताई म्हणाल्या. "साहेबांना खाली बोलवा. अर्ज हितंच देते."

तीनला दहा मिनिटं असताना निवडणुकीच्या साहेबांनी खाली येऊन अर्ज घेतला. तरी ताई हलल्या नाहीत. मला बांधून घेणारे अभियंते राजशेखर यांना त्यांनी बोलावून घेतलं आणि स्वतः खुर्चीतून उतरून पायरीवर बसल्या.

"आता तुमी बसा खुर्चीत, साहेब. पाय न लावता चढून दाखवा."

राजशेखर दोनदा घसरले. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्ची सोडली आणि मान खाली घालून विचारलं, की किती लांब हवा होता?

"फूटभर उंचीला बारा फूट लांबी. मंजी दोन फुटाला चोवीस. बांधायच्या आधी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

ताईंनी पाच महिने अर्जामागून अर्ज केल्यावर मला फोडलं. घण बसत होते, पण मला वाईट वाटलं नाही. आता मी चोवीस फुटांचा आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. काठी टेकत येणारे म्हातारे, पोटुशा बायासुद्धा पायऱ्या सोडून माझ्यावरूनच जातात.

ताई निवडून आल्या. कामासाठी एकट्या माझ्यावरून वर येतात. पण माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही काही बांधाल, तेव्हा ते वापरणाऱ्याला आधी विचारा. कारण आतल्या संडासाचं दार अजून इतकं अरुंद आहे की खुर्ची आत जात नाही. कचेरीत यायचं असलं की ताई सकाळपासून पाणी पीत नाहीत.