खरं ऊन, खरी घागर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात पाणी सोडून बाकी सगळं येत होतं. मंत्री येऊन गेले, गोरे पाहुणे येऊन गेले, मग सिनेमावाले आले.

दिग्दर्शक टिकेकर पुण्याचे. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब यांनी घातलेला हार त्यांनी काढून जीपमध्ये टाकला.

"सजवलेलं काही नको. नवा वास्तववाद आहे हा. नट नाहीत, सेट नाही, दिवे नाहीत. खरी माणसं, खरं ऊन. शेवटसुद्धा गोड करायचा नाही."

"गोड करायला साखर कुठं हाय, साहेब," आण्णासाहेब म्हणाले.

खरं माणूस म्हणून धुरपदाबाई ठरली. तिच्या डोक्यात निराळंच होतं. सून शिवकांता नुकतीच बाळंत झालेली, टँकर दिवसाआड यायचा, आणि आज बाळंतिणीला न्हाऊ घालायचं होतं. तरी फोटू काढणार म्हटल्यावर रांगेत घागर ठेवून ती सुनेचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून आली.

टिकेकरांनी कपाळ धरलं. "बाई, रोजचं नेसा हो!"

"रोजच्या लुगड्यात फोटू? लोक म्हणतील, घरात कुणी गेलं का काय!"

पुटपुटत ती बदलून आली. तेवढ्यात टँकर आला. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि हसली.

"कट! हसू नका, दुष्काळ आहे!"

"घागर भरल्यावर रडू व्हय?"

"टँकरात भरपूर आहे. ओता ती, पुन्हा भरा."

साहेबांचं ऐक म्हणून आण्णासाहेबांनी धुरपदाबाईवर डोळे वटारले. जमिनीवर ओतायचं तर कुणाच्या मनातही येईना. मागच्या मथुराबाईनं चटकन आपला हंडा पुढं केला. पाणी त्यात गेलं. धुरपदाबाई पुन्हा नळीकडं वळली.

"आक्का, मागं," मथुराबाई म्हणाली. "एकदा भरली की शेवटी. नंबर म्हंजे नंबर." आणि भरला हंडा घेऊन ती गेलीसुद्धा.

टिकेकरांनी मध्यस्थी केली. सिनेमाला पुण्यात वजन असेल, आमच्या रांगेत नव्हतं.

धुरपदाबाईची पाळी आली तेव्हा नळी खोकली, आणि थांबली.

"घ्या, चेहरा घ्या!" टिकेकर नाचायचे बाकी होते. "हाच आपला शेवट!"

धुरपदाबाईनं नळीकडं पाहिलं, टिकेकरांकडं पाहिलं, आणि जीपच्या सावलीतल्या पिंपाकडं पाहिलं. मंडळींच्या चहापाण्यासाठी ते बार्शीहून भरून आणलं होतं. ती तिकडं गेली, पिंप कलंडवलं, होतं नव्हतं तेवढं घागरीत घेतलं.

"अहो बाई, ते आमचं प्यायचं आहे!"

"मगाचं माझ्या बाळंतिनीचं व्हतं, साहेब. ओता म्हनलं तुमी."

भरली घागर डोक्यावर घेऊन ती कॅमेऱ्यापुढून सरळ घराकडं निघाली. आणि जाताना चांगली तोंडभर हसली.

कॅमेरामननं कॅमेरा चालूच ठेवला होता. "साहेब, हे ठेवायचं?"

टिकेकर रिकाम्या पिंपावर बसले. ओठ सुकले होते.

"काढून टाका," ते म्हणाले. "खरं वाटत नाही."