थांबणाऱ्यांची मोजदाद

आमचे हे एका प्रवास कंपनीसाठी पोस्टरं रंगवतात, सव्वीस वर्षं झाली. डोंगर, तळी, दीपगृहं, अख्खं जग यांनी आमच्या मागच्या खोलीत बसून रंगवलं. आणि बसमध्ये मळमळतं म्हणून स्वतः मात्र कुठ्ठे गेले नाहीत.

परवा कंपनीच्या मालकीणबाईंच्या सूनबाईने संगणकाला चार ओळी सांगितल्या आणि त्याच्याकडून एका तळ्याचं पोस्टर करून घेतलं. चहा गाळून होईपर्यंत तयार! हे ते बघून आले आणि घरात नुसते धुमसत बसले.

"त्या यंत्राने जन्मात कधी तळं पाहिलंय का?"

"तुम्ही तरी कुठे पाहिलंय?" मी म्हटलं.

मालकीणबाई मात्र न्यायी बाई. त्यांनी यांनाही त्याच तळ्याचं पोस्टर करायला सांगितलं. दोन्ही दुकानाच्या काचेत शेजारी शेजारी लावायची आणि आठवडाभर सूनबाईने आतून बघायचं, कुठल्यापुढे किती जण थांबतात. ज्याच्यापुढे जास्त थांबतील, त्याचं काम पुढे चालू. म्हणजे हे हरले तर यांनी ब्रश धुऊन ठेवायचे, इतकं सरळ.

मी काय हातावर हात धरून बसणार होते? रोज सकाळी भाजीची पिशवी घेऊन जायची, यांच्या पोस्टरपुढे उभी राहायची आणि "अगंबाई, काय पाणी काढलंय!" असं मोठ्याने म्हणायची. एकदा चष्मा लावून, एकदा न लावता. धाकट्या बहिणीलाही कामाला लावलं. ती मेली नेमकी यंत्राच्या पोस्टरपुढे जाऊन उभी राहिली, दंडाला धरून सरकवावी लागली.

आठव्या दिवशी आम्हा दोघांना बोलावलं. सूनबाईने वही उघडली. यंत्र पुढे होतं, फक्त चारने.

"पण आई," सूनबाई सासूला हसत म्हणाली, "यातल्या सात वेळा तर काकाच होते. रोज संध्याकाळी यायचे आणि स्वतःचं सोडून यंत्राच्या पोस्टरपुढे उभे राहायचे. चांगली दहा-दहा मिनिटं!"

मी यांच्याकडे बघतच राहिले. सव्वीस वर्षं ज्या कामावर घर चाललं, ते पणाला लागलेलं, आणि हा माणूस शत्रूला मत देऊन येतो!

"अहो, कशाला?"

"तो निळा," हे मान खाली घालून म्हणाले. "असा निळा मला कधी साधला नाही गं. कसा जमला असेल, ते बघत होतो."

मालकीणबाईंना हसू आवरेना. "मग ते सात वगळू या. तुम्हीच जिंकलात!"

माझा जीव भांड्यात पडला. माझ्या फेऱ्यांचा विषय कुणी काढला नव्हता, आणि मी काही तो काढणार नव्हते.

"नको," हे म्हणाले. "धरा ते. मी खरंच थांबलो होतो."

अस्सा राग आला म्हणून सांगू! तिथल्या तिथे कान उपटावेत असं वाटलं. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, यांनी दोनदा तेच सांगितलं. काम गेलं.

घरी येईपर्यंत मी यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. यांचा हात मात्र रस्ताभर घट्ट धरून ठेवला होता. लोक बघत होते, बघू देत.