सातव्या पानावरची चार मिनिटं

पहिल्या डब्यात आग लागली तर प्रवाशांनी मागे चालत जायचं आणि धूर पुढे ढकलायचा, एवढं आमच्या बोगद्याचं साधं गणित आहे. मागच्या स्थानकातले मोठे पंखे सुरू केले की मागे चांगली हवा राहते आणि सगळा धूर पुढे जातो. पुढे एकच माणूस असतो, गाडीचा चालक. मधे आग असल्यामुळे त्याला प्रवाशांबरोबर मागे येता येत नाही. त्याने केबिनमधून उतरायचं, मास्क लावायचा आणि तीनशे मीटर पुढे असलेल्या सुटकेच्या दारापर्यंत चालत जायचं.

आणीबाणीचा हा आराखडा लिहायचं काम माझं. आणि माझा धाकटा भाऊ याच मार्गावर गाडी चालवतो.

सातव्या पानावर मी लिहिलं होतं, ‘गाडी थांबल्यानंतर वीजपुरवठ्याची खात्री करण्यासाठी चार मिनिटं थांबून मग पंखे सुरू करावेत.’ खात्री करायला खरं तर काहीच वेळ लागत नाही. नियंत्रण कक्षात हिरवा दिवा असतो, मान वर केली की दिसतो. चार मिनिटं लागतात ती मास्क लावून तीनशे मीटर चालायला. ऑफिसच्या व्हरांड्यात फेऱ्या मारून मी ती मोजली होती.

चुकून झालं असं म्हणून मला अंग झटकायचं नाही. दुसऱ्याच्या कागदात एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी त्याला फाडून खाणारी बाई मी. मीच हे लिहिलं, आणि समजून उमजून लिहिलं. वर तीन सह्या झाल्या, साहेबांनी पाठ थोपटली. एवढ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोळ्यांत ते पान खुपलं नाही, याचा मला संताप आला आणि हायसंही वाटलं.

मग टेबलावरची तालीम ठरली. लांब टेबलावर बोगद्याचा नकाशा पसरला आणि प्रवासी म्हणून त्यावर शर्टाची बटणं मांडली. नियंत्रण कक्षातले मास्तर घड्याळ घेऊन बसले. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चालकांच्या वतीने आला होता माझा धाकटा. धुरात किती वेळात किती माणसं कोसळतात याचा तक्ता होता, त्याप्रमाणे दर मिनिटाला बटणं उचलायची होती.

पहिल्या मिनिटाला दोन उचलली. दुसऱ्याला पाच. तिसऱ्याला अकरा. चौथं मिनिट संपेपर्यंत मास्तरांच्या मुठीत एकतीस बटणं जमली होती.

"या चार मिनिटांत करायचं काय असतं?" धाकट्याने विचारलं.

"पुरवठा तपासायचा," मी म्हटलं.

"तो तर दिव्यावरच दिसतो ना, मास्तर?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्या ध्यानात आलं होतं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्याही आलं. लहानपणी माझी लबाडी आईच्या आधी त्यालाच कळायची. साहेबांनी चहाची सुट्टी दिली.

जिन्यात त्याने मला गाठलं.

"ताई, ती चार मिनिटं माझी आहेत ना?"

"तुला दोन पोरं आहेत," मी म्हटलं.

"आणि त्या बटणांना नाहीत?"

"मी बटणांची बहीण नाही रे!" मी जवळजवळ ओरडलेच. खालून कुणीतरी वर पाहिलं.

तो पायरीवर बसला. चिडला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. "उद्या असं काही झालं आणि मी तेवढा वाचलो," तो म्हणाला, "तर मी घरी कोणत्या तोंडाने येऊ? पोरांना काय सांगू? आत्याने सोय केली होती?"

मला रडू फुटलं. माझ्या या भावाला मी चालायला शिकवलं होतं, आणि आता तो मला त्याच्या वाटेतून बाजूला हो म्हणत होता. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"चार मिनिटं काढ," तो म्हणाला. "फक्त एक कर. आग लागली की मी केबिनमध्ये बसून लोकांना मागे जायला सांगत असणार. पंखे सुरू करताना मला फोनवर एकदा सांगा. म्हणजे मी उठेन आणि चालायला लागेन. नकळत नको."

चहानंतर सगळ्यांसमोर मी सातवं पान खोडलं आणि का खोडलं तेही सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. माझ्यावर जी काय कारवाई व्हायची ती पुढे झाली, ती रास्तच होती. पण त्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "चालकाला हे फोनवर सांगायचं कुणी?"

"मला नाही जमणार," मास्तर म्हणाले. "रोज एका टेबलावर जेवतो आम्ही. पंख्यांचं बटण मी दाबेन. बोलायला लावू नका."

"मी सांगेन," मी म्हटलं.

खरी तालीम रविवारी सकाळी, पहिली गाडी सुटायच्या आधी झाली. बोगद्यात खोटा धूर सोडला. दोनशे स्वयंसेवक डब्यांतून उतरून मागे निघाले. त्यांत म्हातारे होते, कडेवर मुलं घेतलेल्या बायका होत्या. आता ती बटणं नव्हती. नियंत्रण कक्षात पडद्यावर मला त्यांचे चेहरे दिसत होते.

मास्तरांनी बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला. पलीकडून धाकट्याचा आवाज येत होता, शांतपणे, न थांबता, "मागे चला, घाई करू नका, मागे चला." मी तोंड उघडलं. चार शब्द होते. शंभर वेळा घोकले होते. एकही बाहेर पडेना.

त्याची घोषणा थांबली.

"बोल ताई," तो हळूच म्हणाला. "लोक धुरात आहेत."

"पंखे सुरू करतोय. नीघ," मी म्हटलं, आणि मास्तरांनी बटण दाबलं.